पुन्हा: मार्चची क्रूझ – कंपनी बदलायची की तारीख?

प्रेषक: सहल समिती

मंडळी,

बैठकीत ठरल्याप्रमाणे बारा केबिन ब्लॉक केल्या आहेत. मार्चचा दुसरा आठवडा, मायामीहून शुक्रवारी निघून सोमवारी सकाळी परत, मध्ये बहामातलं नासाऊ, कंपनी कार्निव्हल, जहाज कार्निव्हल कॉन्क्वेस्ट. बैठक संपल्यावर पाच कुटुंबांनी ‘कार्निव्हल नको, तिथे पिऊन नुसता धिंगाणा चालतो’ असं कळवून नावं काढून घेतली. आठ केबिनच्या खाली गेलो की गटाचा दर जातो. अनामत रविवारपर्यंत भरायची आहे. कंपनी बदलायची की तारीख, एवढंच लिहावं. मागच्या सहलीच्या बसचा विषय या धाग्यात आणू नये.

प्रेषक: नाना

तारीख बदला. कंपनी बदलून काडीचा फरक पडणार नाही.

तीन रात्री, शुक्रवारचं प्रस्थान आणि मार्चचा मधला काळ, म्हणजे कॉलेजांची वसंत सुट्टी. धिंगाण्याला जे जे लागतं ते सगळं समितीने या एका फेरीत जमवलं आहे. शुक्रवार ते सोमवार जायला फार तर दीड-दोन दिवस रजा लागते, त्यामुळे लग्नाआधीच्या पार्ट्या, वाढदिवस, मित्रांची टोळकी सगळी याच फेरीला येतात. सुट्टीच तीन दिवसांची, म्हणून पहिल्या रात्रीपासून कोणी झोपत नाही. सोमवारी निघून शुक्रवारी परतणाऱ्या चार रात्रींच्या फेरीला रीतसर रजा टाकावी लागते, तिथे माणसंच वेगळी येतात. जहाज तेच, कर्मचारी तेच, बारही तेच. सात रात्रींच्या फेरीवर मुलंबाळं आणि आजी-आजोबा जास्त दिसतात, नऊ-दहा रात्रींच्या पुढे बहुतेक निवृत्त मंडळी.

तिकीट स्वस्त ठेवायचं आणि बार, कॅसिनो, किनाऱ्यावरच्या सहली यांतून पैसा काढायचा, हे या धंद्याचं गणित आहे. कार्निव्हलची मूळ कंपनी कार्निव्हल कॉर्पोरेशन, तिच्या वार्षिक अहवालात एकूण उत्पन्नापैकी साधारण एक तृतीयांश वाटा जहाजावरच्या खर्चाचा असतो, आणि त्यात प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका, क्युनार्ड अशा शांत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपन्याही येतात. तीन रात्रींच्या फेरीत हा पैसा तीनच संध्याकाळांत काढायचा असतो. म्हणून बंदर सुटताच डेकवर डीजे सुरू होतो.

धिंगाण्याचं नाव मात्र कार्निव्हलने स्वतःच कमावलं. १९७२ साली टेड एरिसन यांनी मार्डी ग्रा हे जुनं जहाज घेऊन सुरुवात केली, ते पहिल्याच सफरीत मायामीजवळ वाळूत रुतलं. थाटामाटात इतरांशी बरोबरी करता येत नव्हती, तेव्हा त्यांनी जहाजावरची मजाच विकायला काढली आणि ‘फन शिप’ ही जाहिरात केली. ती पन्नास वर्षं चिकटून आहे.

आता रॉयल कॅरिबियन बघा. २०२४ साली त्यांनी यूटोपिया ऑफ द सीज हे कोरं करकरीत जहाज पोर्ट कॅनव्हेरलहून तीन आणि चार रात्रींच्या फेऱ्यांना लावलं आणि जाहिरात केली ती शनिवार-रविवारच्या जल्लोषाचीच. तिकीट महाग, पण शुक्रवारची संध्याकाळ तशीच.

प्रेषक: बापू

नाना, एवढं सरसकट नको. २०१० च्या क्रूझ सुरक्षा कायद्यानुसार अमेरिकेचं परिवहन खातं दर तीन महिन्यांनी जहाजांवरच्या गुन्ह्यांचा तक्ता कंपनीवार प्रसिद्ध करतं. त्यात कार्निव्हल कायम वरच्या दोन-तीनांत असते. हे सरकारी आकडे आहेत, ऐकीव नाहीत.

प्रेषक: नाना

बापू, तो तक्ता नीट वाचायला हवा. त्यात नुसती संख्या असते, दर लाख प्रवाशांमागचं प्रमाण नसतं. कार्निव्हलची वीसहून जास्त जहाजं आहेत. चार-पाच जहाजांच्या कंपनीचा आकडा तिच्यापेक्षा लहानच येणार. तुलना करायची तर रॉयल कॅरिबियनशी करा, आणि तीही प्रवासीसंख्येने भागून.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्या तक्त्यात खून, संशयास्पद मृत्यू, बेपत्ता होणं, अपहरण, गंभीर इजा झालेली मारहाण, लैंगिक अत्याचार, जहाजाला आग लावणं किंवा त्याची मोडतोड करणं आणि १०,००० डॉलरच्या वरची चोरी एवढंच येतं. बारमध्ये दोघं एकमेकांच्या अंगावर धावले, किरकोळ लागलं, सुरक्षारक्षकांनी वेगळं केलं, तर ते तिथे दिसत नाही. रात्री दोन वाजता कॉरिडॉरमध्ये आरडाओरडा झाला तर तोही नाही. म्हणजे पाच कुटुंबांना ज्याची भीती आहे, त्याबद्दल तो तक्ता गप्पच आहे. शिवाय २०१४ च्या दुरुस्तीपूर्वी तपास बंद झालेली प्रकरणंच छापत, नंतर सगळ्या तक्रारी छापू लागले. त्यामुळे जुनी-नवी वर्षं शेजारी ठेवून ‘वाढलं’ म्हणण्यातही अर्थ नाही.

प्रेषक: माई

सोमवार ते शुक्रवार म्हणजे मुलांची पाच दिवस शाळा बुडणार. नाना आणि बापूंना तो प्रश्न नाही, आम्हाला आहे. शुक्रवारची फेरी ठरली ती यासाठीच, हे बैठकीत तीनदा सांगून झालंय.

प्रेषक: अण्णा

धिंगाण्याचं मूळ पेयांच्या पॅकेजात आहे, त्यावर कोणी बोलतच नाही.

कार्निव्हलच्या ‘चीअर्स’मध्ये २४ तासांत १५ मद्यपेयं मिळतात, मोजणी सकाळी सहा ते दुसऱ्या दिवशी सकाळी सहा. एका वेळी एकच पेला, दोन पेयांत पाच मिनिटांचं अंतर, दुसऱ्याला देता येत नाही. सोळावं मागितलं तर नाही म्हणतात. एका केबिनमधल्या एकाने घेतलं की त्याच केबिनमधल्या २१ वर्षांवरच्या सगळ्यांना घ्यावंच लागतं. पैसे आधी भरलेले, मग वसूल करायला माणूस पीत सुटतो. पण स्वस्त कंपनीत निदान आकड्याची मर्यादा तरी आहे. रॉयल कॅरिबियनच्या डीलक्स पॅकेजात दिवसाला किती, याची मर्यादा नाही, बारवाल्याच्या अंदाजावर सगळं.

बाहेरून आणायचं तर २१ वर्षांवरच्या प्रत्येकाला ७५० मिलीची वाइन किंवा शॅम्पेनची एकच सीलबंद बाटली, तीही पहिल्या दिवशी हातातल्या सामानात. मोठ्या बॅगेत ठेवली तर स्कॅनिंगमध्ये सापडते आणि बॅग केबिनपर्यंत पोचतच नाही, खाली जाऊन उघडून दाखवावी लागते. सोडा, पाणी वगैरे डबे किंवा कार्टन माणशी बारा चालतात, प्लास्टिकच्या बाटल्या चालत नाहीत.

प्रेषक: खजिनदार

अण्णांचा केबिनचा मुद्दा समितीने लिहून ठेवावा. घेणारा आणि न घेणारा एका केबिनमध्ये टाकला तर न घेणाऱ्यालाही भुर्दंड. यादी करतानाच विचारा, नंतर मंडळाच्या खात्यातून कोणाचा फरक भरला जाणार नाही.

अनामत कोणत्या फेरीची भरायची, हे कार्यकारिणी ठरवेल, समिती नाही. घटनेत तसं आहे.

प्रेषक: सहल समिती

खजिनदारांनी घटना काढायचं कारण नाही. समिती शिफारसच करते आहे. रविवार मात्र कोणासाठी थांबणार नाही.

प्रेषक: वहिनी

जहाज तेच राहणार असेल तर डेककडे, म्हणजे मजल्याकडे लक्ष द्या. रात्रीची झोप कंपनीपेक्षा डेकवर अवलंबून असते. कॉन्क्वेस्टवर प्रवाशांच्या बहुतेक केबिन १, २, ६, ७ आणि ८ या डेकांवर आहेत. सहाच्या खाली पाचवा, म्हणजे प्रॉमनाड: कॅसिनो, बार, नाइटक्लब. ढोलाचा ठोका छतातून वर येतो, कानाला नाही तरी गादीला जाणवतो. आठच्या वर नववा, म्हणजे लिडो, पोहण्याच्या टाकीचा डेक: पहाटे खुर्च्या ओढतात, रात्री डीजे. सातव्याच्या वर-खाली केबिनच आहेत, तिथेच मागा. पहिला डेकही शांत असतो, पण बोटी लावून किनाऱ्यावर न्यायचं बंदर असेल तर त्या दिवशी सकाळी तिथे वर्दळ असते. नासाऊला जहाज धक्क्यालाच लागतं, त्यामुळे तो प्रश्न नाही.

मधल्या दाराने जोडलेल्या केबिन घ्यायच्या तर दोन्ही आपल्याच हव्यात. त्या दारातून शेजारचं बोलणं शब्दन् शब्द ऐकू येतं. आणि कृपा करून गॅरंटी दर घेऊ नका. त्यात केबिन कंपनी ठरवते, आणि ती सहा-आठचीही निघू शकते. थोडे डॉलर वाचवण्यापायी मग तीन रात्री जागरण.

रात्रीच्या जेवणाची लवकरची पाळी धरा आणि सगळ्यांचे बुकिंग क्रमांक एकमेकांना जोडायला सांगा. विनोदी कार्यक्रमाचे आधीचे खेळ सगळ्यांसाठी असतात, उशिराचे १८ वर्षांवरच्यांसाठी आणि भाषा फार उघडी. दिवसा शांत बसायचं तर सेरेनिटी डेक २१ वर्षांवरच्यांसाठी राखीव, वेगळे पैसे नाहीत.

प्रेषक: बापू

पण मार्चमध्ये कॉलेजची पोरं येणारच, डेक कुठलाही घ्या.

प्रेषक: नाना

वाटतात तितकी येत नाहीत. कार्निव्हलवर २१ च्या खालच्यांना २५ वर्षांवरचा नातेवाईक किंवा पालक सोबत लागतो, एरवी बुकिंगच होत नाही. त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांची टोळी एकटी चढू शकत नाही. रॉयल कॅरिबियनला अमेरिकेतून निघताना केबिनमध्ये २१ वर्षांचा एक जण पुरतो, म्हणजे शेवटच्या वर्षाचा एक मित्र असला की झालं. बापू, याबाबतीत स्वस्त कार्निव्हलच जास्त कडक आहे.

१७ आणि खालच्यांना रात्री एकनंतर मोठ्यांशिवाय बाहेर फिरता येत नाही. त्याआधी जिन्यांत, लिफ्टमध्ये त्यांचे घोळके असतात, ते सहन करावं लागेल. माईंच्या घरची मुलं १२ ते १४ मधली असतील तर ‘सर्कल सी’, १५ ते १७ ना ‘क्लब ओटू’ हे मुलांचे क्लब आहेत, तिथे नाव पहिल्याच दिवशी घाला. दुसऱ्या दिवशी मुलांचे गट पडलेले असतात.

माई, शाळेचं म्हणाल तर आपल्या शाळांची वसंत सुट्टी कॉलेजांच्या महिनाभर नंतर, एप्रिलमध्ये आहे. त्याच आठवड्यातली सोमवार ते शुक्रवार फेरी घेतली तर एकही दिवस बुडत नाही आणि कॉलेजचा लोंढाही ओसरलेला असतो. त्या आठवड्यात मुलं खूप असतील: पोहण्याच्या टाकीत जागा नाही, घसरगुंडीला रांग. पण ती गर्दी दहा वाजता झोपते.

प्रेषक: सचिव

एप्रिल असो की मार्च, नासाऊ आहे तोवर व्हिसा बघा. एच-१बी वर असून पासपोर्टावरचा व्हिसाचा शिक्का संपलेला असेल तर तीस दिवसांच्या आत परतणाऱ्यांना मिळणारी आपोआप नूतनीकरणाची सवलत फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती आहे. बहामासारख्या शेजारच्या बेटांसाठी ती सवलत एफ (विद्यार्थी) आणि जे (शैक्षणिक देवाणघेवाण) व्हिसावाल्यांनाच मिळते. बंदरावर चढूच देणार नाहीत, पैसेही परत मिळत नाहीत. आई-वडील बी-२, म्हणजे पर्यटक व्हिसावर आले असतील तर अनेक प्रवेशांचा व्हिसा आहे ना आणि तो परतीच्या दिवशी चालू आहे ना, हे तपासा. जन्मदाखल्यावर जाता येतं ते फक्त अमेरिकन नागरिकांना.

परदेशी बंदर टाळताही येत नाही. परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेतून निघून अमेरिकेत परतायचं तर मध्ये परदेशी बंदर लागतंच, १८८६ चा कायदा आहे.

प्रेषक: अण्णा

मग मेक्सिकोची फेरी घ्या, कोझुमेल. शिक्का संपलेल्यांचीही सोय होईल.

प्रेषक: नाना

अण्णा, मायामीहून कोझुमेल चार रात्रींत जमतं, पण कुठल्या फेरीत नासाऊ आणि कुठल्यात कोझुमेल ते आठवड्यागणिक बदलतं. वेळापत्रक बघून मगच सांगा. पाच रात्रींची असेल तर आणखी चांगलं, समुद्रावर एक पूर्ण दिवस जास्त मिळतो आणि टोळकी आणखी कमी.

प्रेषक: सहल समिती

एप्रिल, सोमवार ते शुक्रवार, चार रात्री, सातवा डेक, यासाठी आज कंपनीकडे बारा केबिन मागितल्या आहेत. कोझुमेलची फेरी त्या आठवड्यात आहे का तेही विचारलंय. मार्चचं ब्लॉकिंग उत्तर येईपर्यंत सोडत नाही.

नाव काढलेल्या पाच कुटुंबांसह सगळ्यांनी शुक्रवार रात्रीपर्यंत एवढं कळवावं: प्रत्येकाचं प्रवासाच्या दिवशीचं वय, एका केबिनमध्ये कोण कोण, पेयांचं पॅकेज हवं की नको, नागरिकत्व किंवा व्हिसाचा प्रकार. एका केबिनमध्ये तिघं-चौघं असतील तर आत्ताच सांगा. प्रत्येक भागातल्या जीवनरक्षक बोटींची क्षमता भरली की केबिन रिकाम्या दिसत असूनही तिसरा-चौथा माणूस घालता येत नाही.

प्रेषक: माई

एप्रिल चालेल. आमच्या दोन केबिन मधल्या दाराच्या द्या, चौघं एकात नको.