शब्दचर्चा : ‘चिंता टाकणे’ आणि रात्रीची झोप

सातरस्ता :
सोलापुरातल्या आमच्या चर्चच्या मंडळीतल्या ज्येष्ठांसाठी निजण्याआधीच्या प्रार्थनेचं एक पान मोठ्या अक्षरात छापायचं आहे. मधोमध बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रातलं वचन, १ पेत्र ५:७, घेतलंय : ‘त्याच्यावर तुम्ही आपली सर्व चिंता टाका, कारण तो तुमची काळजी घेतो.’ अडतंय ते ‘टाका’पाशी. बऱ्याच जणांना ते ‘कचरा टाका’सारखं ऐकू येतं. मग चिंता टाकली तरी रात्री दोनला परत येते, म्हणजे आपलाच विश्वास उणा, असं त्यांना वाटतं. ‘सोडा’ लिहावं की ‘सोपवा’? आणि एकाच ओळीत ‘चिंता’ आणि ‘काळजी’ असे दोन शब्द का?

भुईकोट :
‘टाका’ बदलू नका, त्याआधीच्या ‘त्याच्यावर’वर बोट ठेवा. मराठीत नुसतं ‘टाकणे’ आणि ‘कुणावर टाकणे’ यांत मोठा फरक आहे. कचरा टाकतो तेव्हा तो कुठे पडला याच्याशी आपल्याला देणंघेणं नसतं. पण जबाबदारी थोरल्यावर टाकतो, भार खांद्यावर टाकतो, विश्वास माणसावर टाकतो. इथे वस्तू नाहीशी होत नाही, ती पेलणारा बदलतो. मूळ ग्रीक क्रियापदही असंच आहे. नव्या करारात ते दोनच ठिकाणी येतं. एक इथे आणि दुसरं लूक १९:३५ मध्ये, जिथे शिष्य आपले कपडे शिंगराच्या पाठीवर टाकतात. कपडे फेकून दिलेले नाहीत, वाहून नेणाऱ्याच्या पाठीवर ठेवलेत. हे चित्र दाखवलं की ‘परत आली’चा अर्थही बदलतो. पाठीवरचं ओझं घसरलं तर पुन्हा चढवायचं. त्यात विश्वास उणा असण्याचा प्रश्न कुठे येतो?

पेत्र इथे जुन्या करारातल्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र ५५:२२ मनात ठेवून लिहितोय. तिथे मराठीत ‘भार’ आहे. त्या जागचा हिब्रू शब्द जुन्या करारात फक्त एकदाच येतो. त्याचं प्राचीन ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनी ‘चिंता’ या अर्थाचा शब्द घेतला, आणि पेत्राने तोच उचलला. म्हणून भार आणि चिंता दोन्ही एका पानावर शोभतात.

‘सोडा’ मात्र नको. ते सगळं काम माणसाच्याच बोटांवर ठेवतं.

रात्रपाळी :
‘काळजी’बद्दल. हा शब्द दोन तोंडांचा आहे आणि अर्थ क्रियापद ठरवतं. काळजी *करणे, वाटणे, लागणे* म्हणजे जीव पोखरणारी. काळजी *घेणे* म्हणजे जपणारी. सोलापुरातले म्हातारे लोक रोजच्या बोलण्यात ‘चिंता’ फारसं म्हणत नाहीत, ‘काळजी’च म्हणतात. त्यामुळे मोठ्याने वाचताना असं समजावता येईल : करायची काळजी त्याच्यावर टाका, घ्यायची काळजी तो घेतोय. ग्रीकमध्येही दोन्ही जागी वेगळे शब्द आहेत, म्हणून छापील ओळीतले दोन शब्द तसेच असू द्या.

सातरस्ता :
दोघांचे आभार. पण ‘सर्व चिंता’ म्हटलं की लोक गप्प होतात. काय टाकायचं तेच सांगता येत नाही.

भुईकोट :
कारण ‘चिंता’ हे गाठोडं आहे. ते सोडून पाहा, आपल्याकडे नेमके शब्द भरपूर आहेत. *घोर* कुणाचा तरी लागतो : पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाचा, माहेरी परत आलेल्या लेकीचा. *धास्ती* घडू शकणाऱ्या एका गोष्टीची असते : रात्री मोरीत पाय घसरेल, छातीत कळ येईल आणि हाक कुणाला ऐकू जाणार नाही. *धाकधूक* निकालाची असते, उद्याच्या रिपोर्टची. *हुरहूर* बिननावाची, दिवेलागणीला सुरू होणारी. आणि *रुखरुख* मागची असते : भावाशी अबोला राहिला आणि तो गेला.

उतारवयात शेवटची सर्वांत जड, आणि तिच्यावर १ पेत्र ५:७ वाचून भागत नाही. रुखरुख म्हणजे भविष्याची चिंता नव्हे. तिला पापकबुली आणि क्षमेची प्रार्थना लागते, आणि ज्याच्याशी बिनसलं तो हयात असेल तर सकाळी एक फोन. धास्तीला स्तोत्र ९१ आणि मोरीत एक दिवा, दोन्ही हवेत. हुरहुरीला स्तोत्र ४ पुरतं : स्वस्थपणे पडून झोपी जाणाऱ्याचं ते स्तोत्र आहे आणि आठच ओव्यांचं आहे. संत बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातल्या मठनियमात रोज रात्री निजण्याआधी ४, ९१ आणि १३४ ही तीन स्तोत्रं म्हणायला सांगितलंय. ही निवड दीड हजार वर्षं टिकली आहे.

रात्रपाळी :
माझं सांगणं वेळ आणि जागेचं आहे, कारण बिघडतं तिथेच. दिवा मालवून, अंथरुणात पडून एकेक नाव घेत प्रार्थना सुरू केली की दहा मिनिटांत ती चिंतेची उजळणी होते. रोज असं झालं की मेंदू अंथरूण आणि चिंता यांची सांगड घालतो, आणि पाठ टेकताच डोळे टक्क उघडतात. म्हणून टाकण्याचं काम अंथरुणावर करू नका.

संध्याकाळी साडेसहा-सातला, खुर्चीत बसून, वहीत. पंधरा मिनिटं, जास्त नाही. डाव्या बाजूला चिंता, भुईकोटांनी सांगितलेल्या नेमक्या शब्दांत. ‘मुलाची काळजी’ नको, ‘मुलाने घराचा हप्ता भरला का, याचा घोर’ असं लिहा. उजव्या बाजूला आपल्या हातात असलेलं एक काम आणि त्याची वेळ. नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि तेही अवेळी. त्याची धास्ती असेल तर उजवीकडे ‘शेजारच्यांना हाक मारायला सांगणे’. उजवी बाजू रिकामी राहिली, तर ती ओळ मोठ्याने वाचून ‘प्रभू, हे तुझ्यावर’ म्हणायचं आणि वही मिटायची. वही निजायच्या खोलीत न्यायची नाही.

अंथरुणावर एकच ओवी, तीही श्वासाबरोबर. चार मोजेपर्यंत श्वास आत, मनात ‘तो माझी’. सहा मोजेपर्यंत बाहेर, ‘काळजी घेतो’. बाहेर जाणारा श्वास लांब हवा, त्याने छातीची धडधड मंदावते. आठ-दहा वेळा पुरे. दम लागत असेल तर मोजू नये, नुसती ओवी म्हणावी.

वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून खुर्चीत बसावं, मंद दिव्यात स्तोत्र वाचावं, पेंग आली की परत यावं. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा. सकाळी उठायची वेळ रोज एकच. दुपारची झोप तीनच्या आत आणि अर्ध्या तासापुरती. चहा दुपारी चारनंतर नको. शेंगाचटणी-भाकरीचं जेवण साडेसातपर्यंत आटपावं, नाहीतर आडवं होताच घशाशी येतं, आणि त्या जळजळीलाच छातीचं दुखणं समजून धास्ती वाढते. आपल्या उन्हाळ्यात दिवसभर पाणी भरपूर प्यावं, निजण्याआधीच्या दोन तासांत मात्र घोटभरच. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळची असेल तर सकाळी चालेल का, हे डॉक्टरांना विचारा, मनाने बदलू नका. झोपेसाठी सर्दीची गोळी घेणं म्हातारपणी घातक आहे : लघवी अडते, भ्रम होतो, रात्री तोल जातो.

दीपमाळ :
पहाटे तीनला जाग येणाऱ्यांसाठी ‘प्रहर’ शब्द पानावर जरूर घ्या. स्तोत्र ६३:६ मध्ये बिछान्यावरचं स्मरण आणि रात्रीच्या प्रहरांतलं चिंतन आहे. चिंता आणि चिंतन एकाच धातूतून आले आहेत. मन त्याच वाटेने फिरतं, फक्त घोळवायची वस्तू वेगळी. रोमी काळात रात्रीचे चार पहारे असत, आपल्या चार प्रहरांसारखेच. मार्क ६:४८ मध्ये वाऱ्याशी झुंजणाऱ्या शिष्यांकडे येशू येतो तो चौथ्या, म्हणजे पहाटे तीन ते सहाच्या पहाऱ्यात. वयाबरोबर झोप सैल होते आणि लवकर उघडते, हे शरीराचं आहे. त्या जागेला ‘झोपमोड’ न म्हणता ‘चौथा प्रहर’ म्हटलं तर तिची भीती कमी होते.

पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या घरांत पान देणार असाल तर एक लक्षात घ्या. तेलुगूत ‘चिंत’ म्हणजे चिंता, आणि चिंचसुद्धा. तिथे ‘भार’ अधिक सरळ पोचेल.

सातरस्ता :
आणखी एक. आपल्याकडे निधनाच्या बातमीत ‘प्रभूमध्ये निद्रिस्त झाले’ लिहितात. रात्रीच्या प्रार्थनेत ‘निद्रा’ आलं की काहींना नेमकी तीच भीती वाटते. टाळावा का?

भुईकोट :
प्रार्थनेत ‘झोप’ वापरा, ‘निद्रा’ बातमीपुरता राहू द्या. पण ती भीती टाळू नका, तिच्यासाठीच ‘सोपवणे’ राखून ठेवा. स्तोत्र ३१:५ मधलं ‘तुझ्या हाती’ सोपवणं येशूने वधस्तंभावर उच्चारलं, आणि यहुदी परंपरेत ते निजतानाही म्हणतात. चिंता *टाकायची*, जीव *सोपवायचा*. टाकलेलं परत न्यायचं नसतं. सोपवलेलं सकाळी परत मिळतं, म्हणून या ओवीची जोडी उठल्यावरच्या आभाराशी लावा. पानाच्या मागच्या बाजूला दोन ओळी तेवढ्यासाठी.

रात्रपाळी :
मागच्या बाजूला आणखी एक ओळ द्या : दोन आठवडे झोप नाही, जेवणावरची वासना गेली किंवा जगणं नकोसं वाटतंय, तर चर्चच्या पाळकांना आणि डॉक्टरांना दोघांनाही सांगा. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक १४४१६, मराठीत बोलता येतं. स्तोत्र ७७ चा कर्ताही तक्रार करतो की देव डोळे मिटू देत नाही, आणि ते स्तोत्र पवित्र शास्त्रातच आहे. हा आकडा त्याच स्तोत्राखाली छापा, म्हणजे फोन करताना कुणाला लाज वाटणार नाही.

सातरस्ता :
पुढच्या बाजूला ‘त्याच्यावर’ ठळक, ‘टाका’ तसंच. मागे सोपवणं, चौथा प्रहर, स्तोत्र ७७ आणि खाली आकडा. अक्षर वीस पॉइंटचं धरतोय. चष्मा न लावताही रात्री वाचता यायला हवं.

दीपमाळ :
चोवीस करा. आणि चकचकीत कागद नको, दिव्याची तिरीप पडली की अक्षर दिसत नाही.