६१व्या वर्षी जन्मजात हृदयदोषाची शंका : पुढच्या तपासण्यांबद्दल मदत हवी आहे (सोलापूर)

नमस्कार. सासूबाईंसाठी विचारतेय, त्यांना आम्ही अक्का म्हणतो. वय ६१. उभा जन्म विड्या वळण्यात गेला, त्यामुळे धाप लागली की 'तंबाखूच्या धुळीचा दमा' हे ठरलेलं. श्वासाचा पंप कित्येक वर्षं चालू आहे, फरक यथातथाच. दिवाळीपासून जिन्यात थांबावं लागतं, संध्याकाळी पावलं सुजतात, मध्येच धडधडतं. यंदा गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानापर्यंतही चालवेना, तेव्हा डॉक्टरांनी ईसीजी आणि एको (हृदयाची सोनोग्राफी) करायला लावला.

ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन (अनियमित ठोके) आणि राइट बंडल ब्रांच ब्लॉक (हृदयाच्या उजव्या विद्युतवाटेत अडथळा). एकोत हृदयाची उजवी बाजू मोठी, डावी ठीक, पंपिंग ६० टक्के, फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीतला दाब अंदाजे ४८ मिमी पारा. खाली लिहिलंय 'एएसडी दिसत नाही', म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधल्या पडद्यात छिद्र दिसत नाही. फुंकायची चाचणी जवळपास नॉर्मल आली. छातीचे डॉक्टर म्हणाले, उजवं हृदय इतकं वाढावं अशी यांची फुफ्फुसं खराब नाहीत. हृदयरोगतज्ज्ञांना 'सायनस व्हेनोसस' प्रकारच्या छिद्राची शंका आहे. पुण्याला जाऊन टीईई (अन्ननलिकेतून करायचा एको) किंवा सीटी करा म्हणतात.

मामांचं म्हणणं, जन्मापासून छिद्र असतं तर तीन बाळंतपणं झाली असती का? दीर यूट्यूब बघून 'छत्री (ऑपरेशनशिवाय, नळीतून बसवायचं झाकण) बसवून घेऊ, दोन दिवसांत घरी' म्हणतायत. माझे प्रश्न : एकोत दिसलं नाही तरी छिद्र असू शकतं का? दोन्हींपैकी कोणती तपासणी आधी करावी? आणि या वयात शोधून उपयोग काय?

जुना_स्टेथो : असू शकतं. नेहमीचं एएसडी वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याच्या मध्यावर असतं. हे वर, मागच्या बाजूला, वरची महाशीर उजव्या कप्प्यात उतरते तिथे. छातीवरून लावलेल्या प्रोबपासून ती जागा लांब पडते, मोठ्या माणसात नीट दिसत नाही. उजवी बाजू मोठी आणि कारण सापडत नाही, हाच खरा इशारा. अन्ननलिकेतून जाणारा टीईईचा प्रोब डाव्या कप्प्याच्या अगदी मागे पोचतो, त्याला ती जागा दिसते.

या छिद्राबरोबर बहुतेकदा उजव्या फुफ्फुसाची एखादी शीर डाव्या कप्प्याऐवजी महाशिरेत उघडते. ती सीटी किंवा एमआरआयमध्ये स्वच्छ कळते. टीईई झाली तरी फुफ्फुसाच्या चारही शिरा कुठे उघडतात हे रिपोर्टात आहे का, एवढं विचाराच. सीटीआधी क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी) तपासतील.

मामांना सांगा, वयाबरोबर डावं हृदय ताठर होतं, मग छिद्रातून उजवीकडे जाणारं रक्त वाढतं. म्हणून चाळिशी-पन्नाशीपर्यंत काहीच न जाणवलेले लोक नंतर दमायला लागतात.

छत्रीचं मात्र डोक्यातून काढा. या छिद्राला वरून कडच नसते, नेहमीची छत्री धरणार कशाला? सहसा ऑपरेशनच लागतं. ते झेपेल का हे फुफ्फुसातल्या दाबावर ठरतं. एकोतला आकडा अंदाजाचा, खरा दाब कॅथेटर घालून मोजतात. दाब फारच वाढलेला असेल तर छिद्र बंद करणं उलट धोक्याचं. शोधायचं ते याचसाठी, वय बघून नाही.

भीमाकाठ : ताई, नुसता कागद घेऊन जाऊ नका ओ. एकोची सीडी मागा, जुने ईसीजी असतील तर तेही न्या. 'मोठ्या माणसांतले जन्मजात दोष' बघणारे डॉक्टर कोण, हे आधी फोनवर विचारा, सगळेच बघत नाहीत. रेशनकार्ड आणि आधार सोबत असू द्या. महात्मा फुले या सरकारी आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, पण दवाखाना योजनेत आहे का ते तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) विचारून मगच दाखल व्हा.

धागाकर्ती : दोघांचे आभार. सीडी उद्याच मागते. टीईईला उपाशी जावं लागतं ना? सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने न्यायचा विचार आहे. आणि रक्त पातळ करायची गोळी बंद ठेवायची का?

जुना_स्टेथो : साधारण सहा तास पोटात काही नको. गोळी स्वतःहून बंद करू नका, टीईईसाठी सहसा थांबवत नाहीत. फिब्रिलेशनमध्ये गुठळीची भीती जास्त. गिळताना त्रास होत असेल किंवा दात हलत असतील तर आधी सांगा. गुंगीचं औषध देतात, त्यामुळे त्याच दिवशी परतीचा प्रवास नको, मुक्काम ठेवा.