बोडीला खिडक्यांचे फोटो काढले, प्रत्येक खिडकीत मीच दिसतोय

फ्रीमाँटकर
नमस्कार मंडळी, मागच्या वीकेंडला बोडीला जाऊन आलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे कॅलिफोर्नियातलं सोन्याच्या खाणीचं ओसाड गाव, हायवे ३९५ वरून ब्रिजपोर्ट गावाच्या थोडं खाली आत वळायचं, १३ मैल आत, त्यातले शेवटचे ३ कच्चे. १८८० च्या सुमारास इथे सात-आठ हजार माणसं राहत होती म्हणे, आता पार्कचा स्टाफ सोडला तर कोणी नाही. जागा जबरदस्त आहे पण फोटो सगळे वाया गेले.

बहुतेक घरं बंद असतात, आत जाता येत नाही, खिडकीतूनच बघायचं. आत टेबल, बशा, लोंबणारा वॉलपेपर, शाळेत बाकं आणि पृथ्वीचा गोल, सगळं आहे तसंच. आणि माझ्या फोटोत काय, तर मी, माझी टोपी, मागे निळं आभाळ आणि एका फोटोत तर बायको चिप्स खातेय. खास यासाठी महागाचा पोलरायझर (काचेवरची चमक घालवणारा, लेन्सवर लावून फिरवायचा फिल्टर) घेतला होता, गोल गोल फिरवून बोटं दुखली, ढिम्म फरक नाही.

दुसरं म्हणजे गेट ९ ला उघडतं आणि सूर्यास्ताच्या आत बाहेर काढतात, म्हणजे चांगला लाइट मिळतच नाही. उन्हाने करपलेलं ते लाकूड डोळ्याला इतकं सुंदर दिसतं आणि फोटोत नुसती पिवळी फळी. जूनमध्ये परत जायचं ठरतंय. काय चुकतंय माझं?

काळाकोट
पोलरायझर वाईट नाही हो, तुम्ही काचेसमोर सरळ उभे राहिलात. समोरासमोर उभं राहिलं की तो काहीही करत नाही, उलट दीडेक स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). तिरकं उभं राहायला लागतं, चांगलंच तिरकं, म्हणजे काचेशी साधारण ३०-३५ डिग्रीचा कोन, तिथे फिल्टर फिरवलात की रिफ्लेक्शन पुसल्यासारखं जातं. पण तेवढ्या तिरक्यातून खोलीचा कोपराच दिसतो, म्हणून आतलं घ्यायचं तर मी फिल्टर बॅगेतच ठेवतो आणि लेन्सला लवचिक रबरी हूड (पुढे येणारी गोल कड) लावून तो काचेला टेकवतो. टेकवतो म्हणजे अगदी अलगद, रेलायचं नाही, काच जुनी आहे आणि फ्रेम त्याहून जुनी. कपडे काळे घाला. मागे कोणालातरी काळं जॅकेट पसरून उभं करा (चिप्स नंतर).

ऑटोफोकस बंद करा, तो काचेवरच्या धुळीला धरून बसतो. आणि खोलीला पलीकडच्या भिंतीतही खिडकी आहे का बघा, असेल तर आत आपोआप बाजूने उजेड येतो, वॉलपेपरची सालं पण उठून दिसतात. मात्र ती पलीकडची खिडकी फ्रेममध्ये आली तर पांढरी फट्ट जळणार, तेव्हा नंतर जोडायला दोन-दोन स्टॉपच्या फरकाने तीन शॉट घेऊन ठेवा.

माध्यान्ह
दुपारच्या उन्हाला सगळे उगाच नावं ठेवतात. जमिनीसाठी, चेहऱ्यासाठी ते वाईट, कबूल, पण भिंत उभी असते ना! जूनमध्ये बोडीला सूर्य दुपारी एकच्या सुमारास (उन्हाळ्यात तिथे घड्याळ तासभर पुढे केलेलं असतं म्हणून एक) जवळजवळ ७५ डिग्री वर असतो, म्हणजे दक्षिणेकडच्या भिंतीवरून ऊन वरून खाली घासत जातं, प्रत्येक आडव्या फळीखाली सावलीची बारीक रेघ, प्रत्येक खिळ्याची लांब सावली, लाकडाच्या शिरा तर हाताने चाचपता येतील अशा. तुमचं लाकूड पिवळं सपाट आलं कारण सकाळी १० ला तुम्ही पूर्वेकडच्या, उन्हात न्हालेल्या भिंती काढल्या असणार. बरोबर? पूर्वेकडच्या भिंतींना बारा ते एकच्या मध्ये गाठा, ऊन तिथून निसटत असतं तेव्हा, पश्चिमेकडच्यांना एक नंतर लगेच. म्हणजे जेवायच्या वेळेला जेवायचं नाही. तसंही तिथे खायला काही मिळत नाही, डबा घेऊन जा.

पहाटेच हवी असेल तर तिथलं फाउंडेशन फोटोग्राफरसाठी वेगळे पैसे घेऊन खास दिवस ठेवतं, त्यांच्या साइटवर बघा. आणि जागा ८,३७९ फुटांवर आहे, आदल्या रात्री बे एरियातून (सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूने, समुद्रसपाटीवरून) निघून थेट तिथे धावाधाव केलीत तर डोकं धरून बसाल. मी बसलोय.

गुहागरी
एवढे डॉलर घालून मोडकी घरं बघायला जाता? आमच्या वाडीत या, अर्धी घरं गणपती-शिमगा सोडून बंदच, फुकट फोटो काढा 😀

काळाकोट
@गुहागरी येऊ की, आणि तिथे हा प्रॉब्लेमच नाही, आमच्या जुन्या घराच्या खिडकीला काच होतीच कुठे, गज आणि झडपा. रिफ्लेक्शन कसलं येतंय. पण कोकणात बंद घर पावसात चार वर्षांत खाली बसतं, वाळवी वेगळी. बोडीची हवा कोरडी आणि थंड, म्हणून लाकूड कुजत नाही, नुसतं उन्हात भाजतं.

खिळेमोड
नुसती हवा नाही बरं का. १९६२ पासून ते स्टेट पार्क आहे आणि त्यांचं धोरण असं की जे आहे ते नवं करायचं नाही पण पडूही द्यायचं नाही. छपरं, पाया, खिडक्या सांभाळतात, कारण एक तावदान गेलं की हिवाळ्यात सगळा बर्फ खोलीत. म्हणजे तुम्ही ज्या काचेवर वैतागलाय तिच्यामुळेच आतला वॉलपेपर शिल्लक आहे. उरल्यात पण शंभरेक इमारतीच, १९३२ च्या आगीत बराचसा गाव गेला.

आता माझं मत, वरच्या दोघांना पटणार नाही. रिफ्लेक्शन घालवू नका, तेच काढा. स्टँडर्ड मिलची (खाणीतला सोन्याचा दगड दळायचा कारखाना) ती मोठी पत्र्याची इमारत गावाच्या पूर्वेला टेकडीच्या उतारावर आहे. दुपार कलली की तिच्यावर ऊन येतं आणि तिच्याकडे तोंड केलेल्या खिडक्या सावलीत जातात, मग काचेत मिल लख्ख उमटते, आणि त्याच काचेतून आत रिकामी खुर्ची. ज्या खाणीने गाव वसवलं ती आणि ते घर एकाच चौकटीत. काच जुनी, लाटा असलेली, त्यामुळे मिल अशी पाण्यात पडल्यासारखी थरथरते. (लाटा काच बनवतानाच्या. जुनी काच हळूहळू वितळून खाली ओघळते हे साफ खोटं आहे, गाइड लोक पण सांगतात.) फक्त फोकस नीट करा, काचेतल्या मिलचं अंतर हे मिलपर्यंतचं अंतर असतं, काचेपर्यंतचं नाही. एफ ११ ठेवा (लेन्सचं तोंड बारीक, म्हणजे जवळचं-लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट), जमलं तर मिल आणि खुर्ची वेगवेगळ्या फोकसवर दोनदा घ्या. स्वतः मात्र फ्रेमच्या बाहेर, एका बाजूला.

आणि खाली पडलेला खिळासुद्धा उचलू नका. शाप लागतो असं सांगतात तिथे, लोक खरंच माफीची चिठ्ठी लिहून वस्तू पोस्टाने परत पाठवतात. शापाचं मला माहीत नाही पण रेंजर बघतो.

फ्रीमाँटकर
अरे बापरे, एवढं! @माध्यान्ह हो, सकाळी १० लाच आणि पूर्वेकडचीच, फोटोची वेळ आत्ता चेक केली. एक वाजता आम्ही पार्किंगमध्ये गाडीच्या सावलीत पोळीभाजी खात होतो.
@खिळेमोड तुमचं वाचून परत सगळे फोटो उघडले, शाळेच्या एका खिडकीत माझ्या टोपीच्या मागे डोंगर आणि आत पृथ्वीचा गोल, टोपी नसती तर काय फोटो होता यार.
एक शेवटचं, यावेळी भाड्याची सेडान (साधी बुटकी कार) असेल, ते शेवटचे ३ मैल जमतील का?

माध्यान्ह
कोरडं असेल तर आरामात, हळू चालवा, खडखडाट भयंकर होतो. पेट्रोल ब्रिजपोर्ट नाहीतर ली व्हायनिंगला भरून घ्या, आत काही नाही. आणि लेन्स गाडीतच बदला, काचा बंद करून, धूळ फार.