बारावी केमिस्ट्री : मॅडमच्या नियमांच्या कागदावर सही करू का? (तातडीने मदत हवी आहे)

अनुजा_क
सोमवारी सकाळी कागद द्यायचाय, म्हणून घाईत लिहितेय. मुलाच्या कॉलेजात केमिस्ट्रीला नव्या मॅडम आल्यात. त्यांनी दोन पानी नियम पाठवलेत, खाली पालकांची सही. अ‍ॅप्रन, बूट, मोबाईल बॅगेत वगैरे ठीक आहे. पण पुढे काय लिहिलंय बघा. बुडलेलं प्रॅक्टिकल पुन्हा घेणार नाही. जर्नल त्याच आठवड्यात तपासून घ्यायचं, उशीर झाला तर सही मिळणार नाही. रीडिंग थेट पेनाने लिहायचं, खाडाखोड दिसली तर प्रयोग रद्द. आणि हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली तर जर्नल सर्टिफाय करणार नाही!! गेल्या वर्षी असलं काहीही नव्हतं. सही केली तर उद्या हाच कागद आमच्यापुढे नाचवतील, नाही केली तर पोरावर राग काढतील. कॉलेजला असं करता येतं का? सही करू की नको?

रस्सावाला
कुठलं बोर्ड? कितवी? गाव कुठलं?

अनुजा_क
शीर्षकात बारावी लिहिलंय की. बोर्ड स्टेट, दुसरं काय असणार. गावाचा इथे काय संबंध? सही करू का एवढंच विचारलंय.

तात्या वाईकर
वा, लॅबचं नाव काढलंत आणि नाकात वास आला. आमच्या वेळी सॉल्ट ओळखताना सेकंड ग्रुपला किप्स अ‍ॅपरेटसमधून (गॅस तयार करायचं काचेचं उपकरण) हायड्रोजन सल्फाइड सोडायचे. अख्ख्या मजल्यावर सडक्या अंड्यांचा घमघमाट! घरी गेलं की आई आधी अंघोळ कर म्हणायची. आता ते किप्स कुठे दिसतं का हो?

निवृत्त_बर्नर
अनुजाताई, बारावी केमिस्ट्री शिकवण्यात आयुष्य गेलं माझं, म्हणून सांगतो. ७५ टक्के हजेरीची अट मॅडमनी घरून आणलेली नाही, ती बोर्डाचीच आहे. जर्नलचंही तसंच. केमिस्ट्रीला लेखी ७० आणि प्रॅक्टिकल ३०. प्रॅक्टिकलची परीक्षा लेखीच्या आधी, साधारण जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला होते. त्या दिवशी मुलाने सर्टिफाइड जर्नल घेऊन जायचं असतं. सर्टिफाइड म्हणजे इंडेक्स भरलेला, प्रत्येक प्रयोगाखाली सही, पहिल्या पानावर विषयशिक्षक आणि विभागप्रमुखांची सही, कॉलेजचा शिक्का. बाहेरून आलेले परीक्षक ते उघडून बघतात. मॅडमनी फक्त वर्षभर तोंडी सांगायचं ते कागदावर उतरवलंय.
आता एक सांगा, मुलगा प्रॅक्टिकलला जातो ना? हजेरी किती आहे?

अनुजा_क
जातो. अधूनमधून क्लासमुळे जमत नाही.

सडेतोड
अधूनमधून म्हणजे? इंटिग्रेटेडला (क्लास आणि कॉलेज एकत्र) आहे का?

मंदार_रिपीटर
नीटसाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोला मिळून ५० टक्के लागतात (ओपनला), तेवढे आरामात पडतात. प्रॅक्टिकलचं टेन्शन घेऊ नका. त्याला एनसीईआरटीची इनऑरगॅनिक ओळ न् ओळ पाठ करायला सांगा. पी ब्लॉक, कोऑर्डिनेशन कंपाऊंड्स, बास.

अनुजा_क
नीट नाहीये. पीसीएम आहे. जेईई आणि सीईटी.
आणि हो, क्लासचं कॉलेजशी टाय-अप आहे. अ‍ॅडमिशन घेताना क्लासवाल्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की कॉलेजचं आम्ही बघतो, मुलाने फक्त परीक्षेला जायचं. त्याचेच पैसे घेतलेत. आता हे मध्येच नियम काढतायत.

सडेतोड
आता कळलं! हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर वरच्या सगळ्यांचा वेळ वाचला असता. ताई, "कॉलेजचं आम्ही बघतो" हे क्लासवाल्याचं आश्वासन आहे, कॉलेजचं नाही. कॉलेजच्या फॉर्मवर नियमित विद्यार्थी म्हणून सही कुणी केली? याच टाय-अपवर लगाम घालायला सरकारने २०१८ मध्ये सायन्सच्या ज्युनियर कॉलेजांना बायोमेट्रिक हजेरी लावायला सांगितली होती. पुढे तिचं काय झालं ते सगळ्यांना माहीतच आहे.

प्रोटॉन
लोक उगाच घाबरवतायत. जर्नल लिहून मिळतं. कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याला विचारा, तो नंबर देईल. माझ्या भाच्याचं आठवड्यात पूर्ण लिहून आलं, आकृत्यांसकट. सही झाली, ३० पैकी २८ पडले. सही करा आणि विसरून जा.

निवृत्त_बर्नर
प्रोटॉन, तुमच्यासारख्यांमुळेच नव्या मॅडमना खाडाखोडीचा नियम घालावा लागतो. विकतचं जर्नल मी लांबून ओळखायचो. वर्गातल्या निम्म्या पोरांचं अक्षर एक आणि सगळ्यांचा सीबीआर (ब्युरेटचं जुळलेलं रीडिंग) १०.० मिली! खऱ्या टायट्रेशनमध्ये ९.८, १०.१, १०.० असं काहीतरी येतं, मग जुळेपर्यंत पुन्हा करावं लागतं.
परीक्षेला काय होतं तेही सांगतो. पोराला ऑक्सॅलिक अ‍ॅसिड आणि पोटॅशियम परमँगनेट येतं. जर्नल देखणं, पण ब्युरेट (खुणा असलेली, नळाची काचेची नळी) हातात आजच पहिल्यांदा. परमँगनेट गडद जांभळं असतं, खालचा मेनिस्कस (द्रवाच्या वक्र पातळीची कड) दिसतच नाही, म्हणून वरचा वाचायचा असतो. हा खालचा शोधत बसतो. फ्लास्क ६०-७० अंशांपर्यंत तापवायचा विसरतो. सुरुवातीचे थेंब पडतात, रंग जायला वेळ लागतो, हा समजतो एण्ड पॉइंट आला. सल्फ्युरिक कमी घातलं तर गुलाबीच्या ऐवजी तपकिरी गढूळ होतं, तेव्हा शेजारच्याकडे बघतो. आणि तोंडीला पहिलाच प्रश्न असतो, सल्फ्युरिकच्या ऐवजी हायड्रोक्लोरिक का चालत नाही? (परमँगनेट क्लोराइडचंही क्लोरीन करून टाकतं, त्यामुळे रीडिंग जास्त येतं.) ज्याने एकदा स्वतः केलंय तो हे झोपेतही सांगतो.

प्रोटॉन
सर, आदर आहे, पण खरं बोला. किती कॉलेजांत प्रॅक्टिकल नीट होतात? आमच्याकडे चार पोरांत एक ब्युरेट होती, नळ गळका. परमँगनेट बोटांना लागून डाग पडले तेवढंच काय ते प्रॅक्टिकल. नियम पोरांना, कॉलेजला कोण नियम लावणार?

रस्सावाला
हे मात्र खरंय. आमच्या बॅचला नायट्रेटची ब्राऊन रिंग कधी आलीच नाही, फेरस सल्फेटच शिळं असायचं. सर म्हणायचे "आली असं लिहा".

नीता_न्यूजर्सी
मी इकडे अमेरिकेत आहे. मुलगी हायस्कूलला, या वर्षी केमिस्ट्री. इकडे असा कागद पहिल्याच आठवड्यात येतो आणि सगळे पालक सही करतात, त्यात काही विशेष वाटत नाही. सेफ्टीचा वेगळा कागद असतो. गॉगल नसेल तर लॅबमध्ये घेत नाहीत, केस बांधलेले हवेत, पायात बंद बूट. लॅब बुडाली तर किती दिवसांत भरून काढायची आणि रिपोर्ट उशिरा दिला तर किती मार्क कापायचे तेही लिहिलेलं असतं. फरक एवढाच की भरून काढायची वेळ शिक्षिकाच देतात. तुमच्या मॅडमनी ती वाट ठेवलेली नाही, तेवढं विचारता येईल.

सडेतोड
अमेरिका आलीच का? शंभर पोरांच्या बॅचला एक लॅब असिस्टंट असताना भरून काढायची वेळ कुठून आणायची?

नीता_न्यूजर्सी
विचारायला काय जातं? मी फक्त अनुभव लिहिला.

वकीली_खाक्या
सहीचा मुद्दा सगळे विसरले. सही करा, पण वर हाताने लिहा : "वाचले, माहिती मिळाली." म्हणजे मान्य केलं असं होत नाही. फोटो काढून ठेवा. कॉलेजकडून महिन्याची हजेरी लेखी मागा. ७५ च्या खाली जात असेल तर त्यांनी आधी कळवायला हवं, आयत्या वेळी सांगणं चालणार नाही. आजारपण असेल तर डॉक्टरचं सर्टिफिकेट लगेच द्या, जानेवारीत मागच्या तारखेचं आणू नका.

निवृत्त_बर्नर
खाक्यासाहेब, असं लिहून दिलंत तर मॅडमना वाटेल घरात भांडणाची तयारी चाललीय. साधी सही करा आणि जाऊन भेटा. टाय-अपची पोरं किती आहेत हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

श्रावणधारा
एक महत्त्वाचं. बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, फक्त लॉग टेबल! क्लासमध्ये पोरांना कॅल्क्युलेटरची सवय लागते, मग इलेक्ट्रोकेमिस्ट्री आणि कायनेटिक्सच्या गणितात अडकतात. माझी मुलगी अ‍ॅण्टिलॉग बघायला शिकली ती पेपरच्या आदल्या रात्री.

अनुजा_क
कॅल्क्युलेटरचं कुणी विचारलं नव्हतं.
सर, प्रॅक्टिकल नाहीच दिलं तर? म्हणजे जेईई चांगली गेली तर बारावीच्या ३० मार्कांनी काय फरक पडतो?

सडेतोड
पडतो. एनआयटीला जेईईच्या रँकबरोबर बारावीला ७५ टक्के किंवा बोर्डाच्या टॉप २० पर्सेंटाइलमध्ये नाव लागतं. सीईटीवरून इंजिनीअरिंगला पीसीएमला ४५ टक्के, ओपनला. केमिस्ट्रीच्या १०० पैकी ३० घरीच ठेवून गेलात तर ७५ कुठून आणणार? आणि हे ३० त्यातल्या त्यात सोपे असतात.

मंदार_रिपीटर
आऊट ऑफ टर्न पण असतं ना? प्रॅक्टिकल चुकलं तर नंतर घेतात.

निवृत्त_बर्नर
ते बोर्डाच्या परीक्षेसाठी. त्या दिवशी खरोखर अडचण आली तर. वर्षभर लॅबला न जाणाऱ्यासाठी नाही.
अनुजाताई, मुलाची किती प्रॅक्टिकलं राहिलीत? कुठली? टायट्रेशन की सॉल्ट अ‍ॅनालिसिस (क्षारात काय आहे ते ओळखणं)?

अनुजा_क
निम्म्याच्या वर राहिलीत. सॉल्ट तर एकही नाही केलं.

निवृत्त_बर्नर
मग सहीपेक्षा ते मोठं आहे. सॉल्ट एका दुपारी येत नाही. झिरो ग्रुपच्या अमोनियमपासून सहाव्या ग्रुपच्या मॅग्नेशियमपर्यंत क्रमाने जावं लागतं, मधला एक ग्रुप गाळला की पुढचं सगळं चुकतं. मॅडमना विचारा, दुसऱ्या बॅचबरोबर उभं राहू देतील का. "पुन्हा घेणार नाही" म्हणजे त्याच्या एकट्यासाठी पुन्हा मांडणी करणार नाही असा अर्थ असायची शक्यता जास्त. आणि जर्नल त्याच्याच अक्षरात हवं, प्रोटॉनचं ऐकू नका.

प्रोटॉन
🙏 ऐकू नका. २८ पडले होते एवढंच सांगतो.

तात्या वाईकर
किप्सचं कुणी सांगितलं नाही अजून.

रस्सावाला
तात्या, आमच्या कॉलेजात कपाटावर आहे, धूळ खात.

अनुजा_क
मॅडमशी फोनवर बोलले. शनिवारी दुपारच्या बॅचमध्ये पाठवा म्हणाल्या, जागा असेल तिथे उभा राहील. जर्नल दर आठवड्याला, स्वतःच्या अक्षरात. कागदावर साधी सही केली. पण आता क्लासवाले म्हणतात शनिवारी टेस्ट सिरीज असते, सोडता येणार नाही, रँकिंग बिघडेल. त्यांच्याशी कसं बोलायचं? कुणाला अनुभव आहे का? लवकर सांगा.

वकीली_खाक्या
फी पूर्ण भरलीय की हप्ते बाकी आहेत? आणि "कॉलेजचं आम्ही बघतो" हे पावतीवर किंवा माहितीपत्रकात कुठे छापलंय का? हे आधी सांगा.