निकेल चालतं, पण कुठे?
अल्कलाइन फ्युएल सेलला (म्हणजे अल्कली माध्यमात हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज बनवणाऱ्या सेलला) अभिक्रियेचा वेग वाढवायला प्लॅटिनम लागतच नाही, निकेलवर भागतं, असं म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. निकेल आम्लात विरघळतं, अल्कलीत टिकतं, इथवर ठीक. पण हायड्रोजनच्या बाजूची अभिक्रिया आम्लापेक्षा अल्कलीत प्लॅटिनमवरसुद्धा साधारण १०० पट मंदावते, मग निकेलची काय कथा! ती का मंदावते यावर अजून वाद आहे: पृष्ठभाग हायड्रोजनला जास्त घट्ट धरतो म्हणून, की त्याच्याशी संयोग पावणारा हायड्रॉक्सिल (OH) तिथे पुरेसा चिकटत नाही म्हणून? प्लॅटिनममध्ये रुथेनियम हा धातू मिसळला की वेग वाढतो, आणि दोन्ही बाजू त्यालाच पुरावा मानतात. मला दुसरी बाजू जास्त पटते. अपोलो यानांतल्या सेलमध्ये निकेलचे इलेक्ट्रोड होते हे खरं, पण तिथे तापमान २०० अंश सेल्सिअसच्या वर होतं, आणि उष्णतेने अभिक्रियेचा वेग वाढतो. आजचे पटलवाले सेल (ज्यात अल्कली द्रावणाऐवजी आयन वाहून नेणारं पातळ पटल, म्हणजे मेम्ब्रेन असतं) ६०-८० अंशांवर चालतात.