एलडीएम: मेटार वेळेवर, जीएफएस मात्र ४० मिनिटं मागे

समदाब_रेषा

समुद्रापारच्या एका अपस्ट्रीमकडून (डेटा पाठवणारा सर्व्हर) एलडीएमवर, म्हणजे हवामानाचा डेटा नेटवरून घेणाऱ्या-वाटणाऱ्या सॉफ्टवेअरवर, दोन फीड येतात. एक आयडीएस-डीडीप्लस, म्हणजे मेटार (विमानतळांची हवामान निरीक्षणं), सिनॉप (हवामान केंद्रांची निरीक्षणं), बुलेटिनं. दुसरा कॉन्ड्यूइट (मॉडेलच्या डेटाचा फीड), त्यातले फक्त जीएफएसचे (अमेरिकेचं जागतिक हवामान मॉडेल) ग्रिब, म्हणजे ग्रिडच्या रूपातला अंदाज. मेटार दोन-तीन सेकंदांत पोचतात. ग्रिब मात्र दिवसातून चार वेळा मागे पडतात. लॅग (उशीर) सरळ रेषेत चढत जातो, तासाभरात ४० मिनिटांवर पोचतो, दीड तासाने ३६०० सेकंदांना टेकतो आणि तिथून पुढे काही प्रॉडक्ट (फीडमधून येणारा डेटाचा एकेक नग) येतच नाहीत. ग्रिडमध्ये भोकं राहतात.

माहिती: आरटीटी (पॅकेट जाऊन उत्तर परत यायचा वेळ) २४० मिलिसेकंद, लिंक १०० मेगाबिट, स्पीड टेस्ट ९० च्या वर. गर्दीच्या तासात आमच्या पॅटर्नमध्ये (प्रॉडक्ट निवडण्याचा नमुना) बसणारा डेटा सुमारे ९ जीबी. कॉन्ड्यूइटची रिक्वेस्ट ओळ (अपस्ट्रीमकडे डेटा मागणारी कॉन्फमधली ओळ) एकच. क्यू (आलेला डेटा तात्पुरता ठेवायची जागा) ५०० एमबी, रॅम ३२ जीबी, सीपीयू बराचसा रिकामा. लिंक बदलावी लागेल का?

पॅकेट_मोजणारा

लिंकला हात लावू नका. आधी उशीर नेमका कशापासून मोजताय ते सांगा. जीएफएसची ००, ०६, १२, १८ यूटीसीची फेरी सुरू झाल्यावर पहिले ग्रिब बाहेर पडायलाच सुमारे साडेतीन तास लागतात. तो निरीक्षणं गोळा होण्याचा आणि मॉडेल चालण्याचा वेळ, नेटवर्कचा नव्हे. एलडीएमचा लॅग म्हणजे प्रॉडक्ट पहिल्यांदा एलडीएममध्ये घातला तो क्षण आणि तुमच्याकडे उतरला तो क्षण यांतला फरक. तुम्ही ३६०० चा उल्लेख केलात, त्यावरून तुम्ही हा एलडीएमचा लॅगच मोजताय, तेव्हा बरोबर आहे.

आता गर्दीच्या वेळी त्याच अपस्ट्रीमवर नोटिफायमी चालवा, फीड कॉन्ड्यूइट. ते डेटा आणत नाही, फक्त प्रॉडक्टची माहिती आणतं, त्यामुळे त्याला बँडविड्थ जवळपास लागत नाही. नोटिफायमीत ताजे प्रॉडक्ट दिसतायत आणि तुमच्या क्यूत ४० मिनिटं जुने, तर अडचण तुम्ही आणि अपस्ट्रीम यांच्या मधे. तिथेही जुनेच दिसले, तर अपस्ट्रीम स्वतःच मागे आहे आणि तुमच्याकडे करण्यासारखं काही नाही, रिक्वेस्ट दुसरीकडे वळवा.

३६०० नंतरची भोकं हा वेगळा बिघाड नाही. एलडीएमच्या रजिस्ट्रीतला (सेटिंगची फाइल) कमाल लॅग डीफॉल्टने ३६०० सेकंद असतो, त्याहून जुनं प्रॉडक्ट मागितलंच जात नाही.

ग्रिबचा_ढीग

हिशेब करा. तासाला ९ जीबी म्हणजे सरासरी २० मेगाबिट. तासाभरात ४० मिनिटं मागे, म्हणजे २० मिनिटांचाच माल पोचला. तुमचं एक टीसीपी कनेक्शन साडेसहा-सात मेगाबिटच्या वर जात नाहीये. स्पीड टेस्ट एकाच वेळी अनेक कनेक्शन उघडते आणि तीही जवळच्या सर्व्हरशी, म्हणून ९० दिसतात.

२४० मिलिसेकंदांवर पॅकेट लॉस (वाटेत हरवणारी पॅकेटं) अगदी ०.०१ टक्का असला तरी एक कनेक्शन सुमारे ६ मेगाबिटवर अडकतं (१४६० बाइटचा सेगमेंट भागिले आरटीटी, गुणिले १.२२, भागिले लॉसचं वर्गमूळ). आकडा जुळतोय.

उपाय जुनाच आहे: रिक्वेस्टचे पाच तुकडे. कॉन्ड्यूइटच्या प्रॉडक्ट आयडीच्या शेवटी अनुक्रमांक असतो. पहिल्या ओळीचा पॅटर्न शेवटचा अंक ० किंवा ५, दुसरीचा १ किंवा ६, मग २-७, ३-८, ४-९. पाच ओळी, पाच कनेक्शन. शेवटचं डॉलर चिन्ह विसरलात तर अंक आयडीत कुठेही जुळेल आणि तोच माल पाचही वाटांनी मागितला जाईल. जीएफएसचा पॅटर्न प्रत्येक ओळीत कायम ठेवा.

पॅकेट_मोजणारा

तुकडे कराच, पण ते सूत्र रेनोचं, म्हणजे टीसीपीचा वेग ठरवायच्या जुन्या पद्धतीचं आहे. लिनक्सवर डीफॉल्ट क्युबिक असतं आणि तेवढ्याच लॉसला, तेवढ्याच आरटीटीला ते १७ मेगाबिटच्या आसपास जातं. आकडा जुळला हा योगायोग.

लॉस की विंडो (पोच यायच्या आधी एका वेळी पाठवता येणारा डेटा) हे आलेखाच्या आकारावरून कळतं. दर सेकंदाचा थ्रूपुट (प्रत्यक्ष पोचलेला डेटा) काढा. लॉस असेल तर करवतीसारखा दातेरी दिसतो: चढतो, आपटतो, पुन्हा चढतो. विंडो अपुरी असेल तर वरून कापल्यासारखा सपाट. लॅग सरळ रेषेत चढतोय म्हणताय, म्हणजे दर स्थिर आहे. माझी पैज विंडोवर. टीसीपी-आरमेमचे, म्हणजे लिनक्सच्या रिसीव्ह बफरचे, तीनही आकडे (किमान, सुरुवातीचा, कमाल) द्या.

समदाब_रेषा

नोटिफायमीत प्रॉडक्ट ३-४ सेकंद जुने, म्हणजे अपस्ट्रीम ठीक. थ्रूपुट अगदी सपाट, ६.५ मेगाबिट. टीसीपी-आरमेम: ४०९६, ८७३८०, ३९३२१६. कुठल्यातरी जुन्या ट्यूनिंग फाइलमधून आलेले दिसतात. टीसीपी-ॲड-विन-स्केल (बफरचा किती भाग विंडोला मिळतो ते ठरवणारं सेटिंग) १.

पॅकेट_मोजणारा

सापडलं. कमाल बफर ३९३२१६. तुमच्या सेटिंगला त्यातला निम्माच विंडो म्हणून जाहीर होतो, म्हणजे १९६६०८ बाइट. एका आरटीटीत एकच विंडो जाते: १९६६०८ भागिले ०.२४, सेकंदाला ८१९२०० बाइट, म्हणजे ६.५५ मेगाबिट. तुमची सपाट रेषा हीच.

२० मेगाबिटला किमान ६०० केबी विंडो लागते, पूर्ण १०० वापरायचे तर ३ एमबी. तिसरा आकडा १६७७७२१६ करा, पहिले दोन तसेच राहू द्या. मधला आकडा उगाच फुगवला तर प्रत्येक कनेक्शन मोठ्या बफरनेच सुरू होतं, फायदा काही नाही. ती जुनी फाइल शोधून काढा, नाहीतर पुढच्या रीबूटला आकडे परत येतील.

आणि एलडीएम रीस्टार्ट करायलाच हवा. विंडो स्केल (विंडो किती मोठी जाहीर करता येईल ते ठरवणारा आकडा) हॅंडशेकच्या, म्हणजे कनेक्शन जुळण्याच्या, वेळीच ठरतो. जुन्या बफरवर तो ३ ठरलाय, म्हणजे उघडं असलेलं कनेक्शन काही केलं तरी ५१२ केबीच्या वर जाणार नाही. आकडा बदलून "फरक पडला नाही" म्हणणारे बहुतेकदा इथेच फसतात.

वारा_नैऋत्य

याच धाग्यात विचारतो. टनेलमधून फीड घेतो. मेटार येतात, रडारच्या मोठ्या फाइली सुरू होऊन थिजतात, मग टाइमआउट. विंडो मोठीच आहे.

ग्रिबचा_ढीग

तुमचं दुखणं वेगळं, एमटीयूचं, म्हणजे वाटेत मावणाऱ्या सर्वात मोठ्या पॅकेटचं. छोटं प्रॉडक्ट एका लहान पॅकेटात बसतं म्हणून निभतं. डोंट-फ्रॅगमेंट (पॅकेट तोडू नका) लावून अपस्ट्रीमकडे पिंग करा, आधी १४७२ बाइट, मग १४४८. टनेल जीआरई प्रकारचा असेल तर तो २४ बाइट खातो, म्हणून १४४८ जातं आणि १४७२ अडतं. मधला कुणीतरी आयसीएमपी (नेटवर्कमधल्या अडचणी कळवणारे संदेश) गिळतोय, त्यामुळे पाठवणाऱ्याला पॅकेट लहान करायचा निरोपच मिळत नाही. टनेलच्या राउटरवर एमएसएस क्लॅम्प (टीसीपी सेगमेंटच्या आकारावर मर्यादा) लावा आणि आयसीएमपीचा "फ्रॅगमेंटेशन नीडेड" संदेश फायरवॉलमध्ये मोकळा करा.

रांगेतला_शेवटचा

समदाब_रेषा, वेग वाढायच्या आधी क्यूकडे बघा. ५०० एमबी क्यूत आज सुमारे १० मिनिटांचा माल राहतो. २० मेगाबिटने भरायला लागलात की २०० सेकंदांचाच राहील. पीक्यूॲक्ट (क्यूतला माल डिस्कवर उतरवणारा प्रोग्राम) तेवढ्यात पोचला नाही तर डेटा येऊनही डिस्कवर उतरणार नाही, त्याच्याआधीच पुसला जाईल. शिवाय दोन अपस्ट्रीमकडून घेत असाल तर डुप्लिकेट ओळखायला जुनं प्रॉडक्ट क्यूत असावं लागतं. निदान तासाभराचा माल मावू द्या: १२ जीबी. रॅम ३२ आहे, चालेल. एलडीएम थांबवा, रजिस्ट्रीत आकार बदला, जुना क्यू काढा, नवा बनवा, सुरू करा. नंतर पीक्यूमॉनच्या (क्यूची स्थिती दाखवणारं साधन) शेवटच्या रकान्यात सर्वात जुन्या प्रॉडक्टचं वय बघा, गर्दीतही ते ३६०० च्या वर राहिलं पाहिजे.

समदाब_रेषा

तिन्ही बदल केले: बफर, पाच ओळी, १२ जीबी क्यू. दोन फेऱ्या पाहिल्या. गर्दीत सर्वाधिक लॅग ७० सेकंद, भोकं नाहीत. आता दोन गोष्टी खटकतायत. राखीव म्हणून त्याच पाच ओळी दुसऱ्या अपस्ट्रीमकडेही लावल्या, तिकडून जवळजवळ काहीच येत नाही. आणि क्यूत वेळेवर असूनही डिस्कवरच्या फाइली ६ मिनिटं उशिरा.

पॅकेट_मोजणारा

पहिली गोष्ट बिघाड नाही. त्याच फीड-पॅटर्नची दुसरी ओळ आल्टरनेट मोडमध्ये जाते. तिथे अपस्ट्रीम प्रत्येक प्रॉडक्टआधी "पाठवू का?" विचारतो आणि उत्तराची वाट बघतो. २४० मिलिसेकंदांवर एका कनेक्शनला सेकंदाला जेमतेम चार प्रश्न, आणि बहुतेकांना तुमचं उत्तर "नको, आहे". मुख्य वाट मागे पडली की एलडीएम आपोआप मोड बदलतो.

रांगेतला_शेवटचा

दुसरी पीक्यूॲक्टची. लॉगमध्ये प्रोसेस्ड ओल्डेस्ट प्रॉडक्टचे सेकंद चढतायत का बघा. चढत असतील तर एकच पीक्यूॲक्ट सगळं ओढतोय. कॉन्ड्यूइटसाठी वेगळी कॉन्फ फाइल करून एलडीएमडी कॉन्फमध्ये तिची स्वतंत्र एक्झेक ओळ (प्रोग्राम सुरू करणारी ओळ) घाला, फीडटाइप फक्त कॉन्ड्यूइट. ग्रिब डीकोडर पाइपवर असेल तर तो हळू चालला की पाइप भरतो आणि मागची रांग थांबते. ग्रिब आधी नुसता फाइलमध्ये उतरवा, डीकोड नंतर वेगळ्या प्रोसेसने. नवी एक्झेक ओळ घातल्यावर एलडीएम रीस्टार्ट लागेल. पुढे फक्त पीक्यूॲक्टच्या नोंदी बदलल्यात तर हप सिग्नल (कॉन्फ पुन्हा वाचायला सांगणारा) पुरतो, फीड तोडू नका.