एकच पुस्तक, दोन कार्डं

वाचनालयाच्या यादीत पुस्तकाचा विषय लिहिताना काहीजण म्हणतात, 'व्हँपायर आला की भयकथा, वेगळी नोंद कशाला?' हे मत 'अ‍ॅनो ड्रॅक्युला'च्या बाबतीत मला अजिबात पटत नाही. किम न्यूमनच्या या कादंबरी-मालिकेचा पायाच पर्यायी इतिहासाचा, म्हणजे 'इतिहास वेगळा घडला असता तर?' या कल्पनेचा आहे. मूळ कादंबरीतल्यासारखा ड्रॅक्युला इथे हरत नाही, राणी व्हिक्टोरियाशी लग्न करतो आणि १८८८चं लंडन त्याच्या हातात जातं. कपाट भयकथेचं असू दे, पण विषयाच्या रकान्यात 'पर्यायी इतिहास' हवाच.

नावांचा घोळ आणखी वेगळाच. तिसरं पुस्तक ब्रिटनमध्ये 'ड्रॅक्युला चा चा चा', अमेरिकेत 'जजमेंट ऑफ टिअर्स'. दादरच्या आमच्या छोट्या वाचनालयात फोर्टच्या फूटपाथवरून आणलेल्या गठ्ठ्यात दोन्ही आली आणि मी दोन कार्डं केली. एका काकूंनी दुसऱ्याच दिवशी पुस्तक परत आणलं, 'अहो, हे वाचलंय मी, रोममधलंच आहे!' तेव्हापासून दोन्ही नावं एकाच कार्डावर लिहितो, आणि कोपऱ्यात पेन्सिलीने कथानकाचं साल. ते लागतंच, कारण २०१७ साली आलेलं 'वन थाउजंड मॉन्स्टर्स' घडतं १८९९च्या टोकियोत, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या पुस्तकाच्या मधे.